शेवटून दुसरं घर

रशीद, तुझ्या घराचा पत्ता सांगून सांगून माझा घसा बसलाय. तू गेल्यापासून फोन थांबत नाहीत. धर्मापुरीहून तुझा मावसभाऊ, अंबाजोगाईचे गॅरेजवाले, आखातात आपल्या खोलीत राहून गेलेले कोण कोण, सगळ्यांना भाभींना भेटायला यायचंय आणि एकालाही घर सापडत नाही. मी सांगतो, घाटनांदूरच्या बाजारातून सरळ या. घरं संपतील, संपू द्या. डांबर संपेल, संपू द्या. तरी चालत राहा, एक पिवळं घर दिसेल, त्याच्या पुढे काही नाही. परवा तुझा मावसभाऊ वाटेतून फोन करून म्हणाला की आम्ही गाव सोडून पुढे आलोत वाटतं. मी म्हटलं, बरोबर आलात, या अजून. हे तू ऐकलं असतंस तर भिंतीला धरून हसला असतास.

खरं तर पत्ता सांगायचं काम तुझं होतं. माझं आयुष्य बदलणारा पत्ता तूच सांगितला होतास, आणि तो साफ चुकीचा होता.

आठवतंय ना? तू आखातातल्या त्या शहरात टँकर चालवत होतास, आणि मी इथे दुसऱ्याच्या दुकानात बसून विहिरींवरच्या जळक्या मोटारी नवी तार गुंडाळून भरत होतो. वायरमनची जागा आहे, ये, असं तूच कळवलंस. फोनवर मला पक्कं सांगितलंस: विमानतळावरून बस धर, शहराच्या शेवटच्या पेट्रोल पंपावर उतर, मी उभा राहतो. हे तू सांगितलंस आणि माझा व्हिसा अडकला. कागद हलेपर्यंत बरेच महिने गेले. मी बसमध्ये बसलो आणि प्रत्येक पंपावर ड्रायव्हरला विचारत राहिलो की हा शेवटचा का. तो हातानं पुढे दाखवायचा. शेवटी बसचीच हद्द संपली, तेव्हा मी एका पिकअपवाल्याच्या मागे बसून अजून पुढे गेलो. पंप आला तेव्हा त्याच्या पलीकडे रस्ताच नव्हता, नुसती वाळू. म्हटलं, हाच. आईनं दिलेल्या धपाट्यांची पिशवी मांडीवर घेऊन बॅगेवर बसलो.

तू तिकडे दुपारपासून जुन्या शेवटच्या पंपावर उभा. तुझी फेरी रोज शहराच्या दुसऱ्या अंगाला असायची, त्यामुळे या बाजूला एवढ्यात काय काय उभं राहिलं हे तुलाही ठाऊक नव्हतं. दिवस कलताना तुझ्या डोक्यात उजेड पडला की हा येडा शब्दाला धरून चालणारा माणूस आहे. टँकर घेऊन तू एकेक पंप ओलांडत आलास. उतरलास आणि पहिलं वाक्य काय, तर, "कावून बे, इतक्या लांब कावून आलास?"

मी म्हटलं, "तूच म्हणला, शेवटचा पंप."

तू मागे वळून शहराकडे बघितलंस. मग वाळूतच बसकण मारलीस आणि हसता हसता धपाट्याची पिशवी माझ्या हातातून ओढून घेतलीस. पुढे आपल्याकडचं कुणीही तिकडे आलं की तू त्याला हा किस्सा सांगायचास आणि दर वेळी पंपांची संख्या वाढवायचास. मीही कधी अडवलं नाही, कारण शहर वाढत होतं त्या मानानं तू कमीच वाढवत होतास.

त्या शहराची वाढ आपल्या गावात कुणाला सांगून पटत नाही. सुट्टीवर येऊन परत गेलं की ओळखीचा चौक सापडायचा नाही. जमिनीखाली तेल, वर वाळू, आणि त्या वाळूवर रोज कुठून कुठून माणसं उतरत होती. आपल्या इमारतीत खाली मुलतानचा न्हावी, वर नेपाळचे पहारेकरी, समोर हॉस्पिटलात काम करणाऱ्या फिलिपाइन्सच्या पोरी, आणि मधल्या खोलीत आपण दोघं बीड जिल्ह्याचे. जिन्यात भेटलं की जो तो तोडक्यामोडक्या हिंदीत बोलायचा. तू मात्र सगळ्यांशी आपल्या घाटनांदुरी हिंदीत बोलायचास, आणि गंमत म्हणजे ती सगळ्यांना कळायची.

तिकडे आधी घरं व्हायची, मग माणसं यायची, आणि पाण्याची पाइपलाइन सावकाश मागून चालत यायची. मधल्या काळात तू. पाइप येईपर्यंत मीच पाइप, असं तू म्हणायचास. लहानपणी आपण दोघं घागरी घेऊन टँकरच्या मागे पळालो, ढकलाढकलीत तुझा दात पडला, आणि आता तूच टँकर पळवत होतास आणि बंगल्यांतली माणसं गच्चीतून तुझी वाट बघत होती. याचं तुला फार हसू यायचं. नव्या वस्तीला पहिलं पाणी तूच न्यायचास, बांधकामाला. म्हणून तुझा एक नियम होता. जमिनीवर चुन्याची फक्की टाकून पायाच्या रेघा मारल्या की तू ते वस्तीच्या घरांत मोजायला लागायचास. मी म्हणायचो, अरे, भिंत नाही, छप्पर नाही, माणूस नाही. तू म्हणायचास, रेघ पडली की घर धरायचं, पाणी तर आजपासूनच लागतंय.

आणि आपला शुक्रवार. तुझी नमाज झाली की तू दुरुस्त करून चालती केलेली ती खटारा पिकअप काढायची, डांबर संपेल तिथपर्यंत जायचं, मागच्या फळीवर स्टोव्ह पेटवून चहा करायचा आणि शहराकडे पाठ करून प्यायचा. वेशीवरचा चहा, असं तू त्याला नाव दिलं होतंस. प्रत्येक गावाला वेस असते, या शहराला का नाही, हा तुझा पहिल्यापासूनचा सवाल. एका शुक्रवारी तू टँकरचा झिजलेला टायर आणलास, त्याला पांढरा रंग दिलास आणि रस्ता संपतो तिथे अर्धा पुरून उभा केलास. म्हणालास, ही आपली वेस. पुढच्या ईदनंतर आपण गेलो तर टायर सापडेना. फिरून फिरून दमलो, तेव्हा एका केरळी माणसाच्या बेकरीपुढे तो दिसला. त्यानं टायर आडवा करून त्यात माती भरली होती आणि कढीपत्ता लावला होता.

तू तणतणत आत गेलास. ही आमच्या शहराची वेस आहे, असं तू त्या बिचाऱ्याला समजावत होतास, आणि तो समजून घ्यायचा प्रामाणिक प्रयत्न करत होता. बाहेर आलास तेव्हा एका हातात कढीपत्ता होता आणि दुसऱ्या हातात गरम पाव. राग कुठच्या कुठे गेला होता. चहा पिताना म्हणालास, वेस चोरीला गेली तर गेली, माणूस चांगला आहे.

त्याच दिवशी आपला वाद सुरू झाला, तोच, जो अजून मिटलेला नाही. मी म्हटलं, हे सगळं तेलामुळे. तेल नसतं तर इथे कुत्रं फिरकलं नसतं. तुला ते मान्यच नव्हतं. तू म्हणालास, "तेल बघून कंपनी येती बे. माणूस माणसाला बघून येतो. तू काय तेल बघून आलास? तू मला बघून आलास." मी म्हटलं, मी पगार बघून आलो. तू चहाचा उरलेला घोट वाळूत फेकलास आणि दोन दिवस माझ्याशी नीट बोलला नाहीस. खरं सांगू, त्या दोन दिवसांतच मला कळलं की मी तुला बघूनच आलो होतो. पण वाद म्हटला की एवढ्या लवकर हरून कसं चालेल?

तू वादात जिंकायला काय काय करशील याचा मात्र मला अंदाज नव्हता. आपण थोड्या महिन्यांच्या अंतरानं परत आलो. त्याआधीच आपण घाटनांदुरात शेजारी शेजारी दोन प्लॉट घेऊन ठेवले होते, आधी तुझा, पुढे माझा, गावाबाहेर, मुरमाड माळावर. माझ्या मनात आलं की पडून राहू दे, कधीतरी बघू. मी बाजारातल्या गल्लीत दुकान टाकलं, वरच्या मजल्यावर संसार थाटला. आणि तू सरळ माळावर घर बांधायला काढलंस. गाव हसलं. याला वाळवंटाची सवय लागली, माणसं दिसली की याचा जीव गुदमरतो, असं लोक म्हणाले. मी सगळ्यांत मोठ्यानं हसलो.

तू शांतपणे सगळ्यांना सांगत सुटलास की मी पुढे जातो, गाव मागून येईल. त्या शहराचं मी बघितलंय, आधी एक जण जाऊन बसावा लागतो. मी म्हणायचो, तिथे तेल होतं, इथे काय आहे? इथे अर्धं गाव दिवाळी झाली की ऊस तोडायला निघून जातं. असलेली माणसं टिकत नाहीत, नवी कुठून येतील? तू म्हणायचास, जाणारा माणूस परत यायला जागा बघतो, ती आपण धरून ठेवायची.

घरही काय बांधलंस. व्हरांडा गावाकडे नाही, माळाकडे. चहा पिताना पाठ गावाकडे पाहिजे म्हणून. आणि कंपाउंडच्या भिंतीला, माझ्या प्लॉटच्या बाजूला, एक लोखंडी दार. दार उघडलं की समोर बोरी-बाभळी आणि माझी रिकामी जागा. गवंड्यानं विचारलं, हे कशाला? तू म्हणालास, शेजाऱ्यासाठी. गवंड्यानं माझ्याकडे बघितलं, मी माळाकडे बघितलं. पुढे त्या दारावरून मी तुझी किती टिंगल केली असेल. मी म्हणायचो, त्या दारातून फक्त सरडे येतील. तू म्हणायचास, येऊ दे, सुरुवात झाली.

आणि एक सांगतो, मी तिथे घर बांधत नव्हतो त्याला वादाशिवाय दुसरं काही कारण नव्हतं. सुमन, माझी बायको, गल्लीच्या धुराला कधीच वैतागली होती. पण माझा रिकामा प्लॉट हाच माझा पुरावा होता. तिथे वीट ठेवली की मी हरलो. तू हे पुरतं ओळखून होतास, म्हणून बांध असं एकदाही म्हणाला नाहीस. नुसता संध्याकाळी चहाला बोलवायचास, आणि मी रोज दुकान मिटून, गाव ओलांडून, धुळीतून तुझ्याकडे यायचो. लोक ट्रॅक्टर दुरुस्तीला घेऊन घराशेजारच्या तुझ्या शेडपर्यंत यायचे, तेव्हा तू माझ्याकडे बघून भुवया उडवायचास. मी म्हणायचो, हे गिऱ्हाईक, हे राहायला आलेलं नाही.

त्या शेवटच्या संध्याकाळीही हेच चाललं होतं. व्हरांड्यात आपण दोघं, भाभींनी केलेला चहा, आणि माळाच्या पार टोकाला एक दिवा लागला. तिथे आधी कधी दिवा नव्हता. तू कप खाली ठेवून उभा राहिलास.

"बघ बे," म्हणालास. "आलं गाव."

मी म्हटलं, "गाव न्हाई. विहिरीवरच्या मोटारीचा बल्ब हाय. मोटारी भरण्यात जिंदगी गेली माझी, मला सांगू नको."

"घर हाय."

"मोटार हाय."

तू म्हणालास, उद्या दिवसाढवळ्या जाऊन बघू. दुसऱ्या दिवशी दुपारी तू तुझ्या शेडमध्ये, ट्रॅक्टरच्या सीटवर बसल्या बसल्या गेलास. हातात पाना तसाच होता. ट्रॅक्टरवाला म्हणाला की आधी वाटलं, विचार करताहेत.

कबरस्तानात तुला मिट्टी देऊन सगळे परतले आणि मी घरी जायचं सोडून माळ तुडवत त्या दिव्याकडे गेलो. कशाला गेलो, ठाऊक नाही. बाभळीच्या काट्यांनी विजार फाटली, घाम निथळला, आणि तिथे पोचलो तर खरंच विहीर होती. वर पत्र्याची पेटी, पेटीवर बल्ब. मी बरोबर होतो, रशीद. तुझ्याशी इतकी वर्षं भांडून पहिल्यांदा मी पुराव्यासकट जिंकलो होतो, आणि हे ज्याला जाऊन सांगायचं तोच नव्हता. विहिरीच्या कठड्यावर बसून मी पोटभर रडलो. पाणी सोडायला आलेल्या शेतकऱ्यानं मला ओळखलं. त्यानं नळी धरून मला पाणी पाजलं आणि वाट दाखवली.

त्यानंतर तुझ्या घराचं बोलणं निघालं. तुझा इरफान तुझ्याच त्या शहरात आहे, त्याला मिट्टीला पोचता आलं नाही, चाळीसाव्या दिवसाला येतोय. पोरगा चांगला आहे, आईच्या काळजीनं बेजार झालाय. फोनवर मला म्हणाला, चाचा, चाळीसावा झाला की घराला कुलूप लावतो, अम्मीला अंबाजोगाईला तिच्या बहिणीकडे, खालाकडे ठेवतो, तिथे एकटी कशी राहील ती? बोलता बोलता त्यानं बेकरीचं सांगितलं. शोधून काढली म्हणे त्यानं. बेकरी तिथेच आहे, टायर फुटलाय, कढीपत्त्याचं झाड दुकानाच्या पाटीएवढं झालंय. आणि आपण जिथे शेवटी जाऊन चहा प्यायचो त्या भागाला आता लोक जुनं शहर म्हणतात. मी तिथल्या तिथे फोन बाजूला धरून हसलो. आपली वेस, आणि जुनं शहर.

पण इरफानचं बोलणं खोटं नव्हतं. तू होतास तोवर ते घर एकटं कधी वाटलं नाही, तू एकटाच चार घरांएवढा आवाज करायचास. मी भाभींना विचारलं, तुम्हाला काय वाटतं? त्या भिंतीकडे बघत होत्या. म्हणाल्या, "मला हे घर सोडायचं न्हाई, दत्ताभाऊ. यांनी एकेक वीट स्वतः भिजवलीय. पर दिवा लावला की चारी बाजूला काळं दिसतं. एक तरी खिडकी दिसली पायजे हो, कुणाची बी."

मी घरी आलो आणि सुमनला हे सांगितलं. ती भाकरी थापत होती, हात न थांबवता म्हणाली, "मग बांधा की. तुमचं भांडण मेलेल्या माणसाशी हाय का जित्या बाईशी?" मी म्हटलं, विहिरीवर मोटारच निघाली, मी जिंकलोय. ती म्हणाली, जिंकलात ना, मग आता काय उरलं? तव्यावरची भाकरी फुगली, तिनं ती माझ्या ताटात टाकली आणि विषय संपवला.

गेल्या आठवड्यात मी गवंड्याला घेऊन प्लॉटवर गेलो. तोच गवंडी, तुझं घर बांधलेला. बाभळी तोडल्या, जागा साफ केली. पाणी लागणार होतं, तर म्हटलं, वळसा घालून कशाला, दारातून आणू. इतक्या वर्षांत ते दार कुणी उघडलेलं मी पाहिलं नव्हतं. गंजून बसलं असेल म्हणून हातोडी घेऊन गेलो. कडीला नुसता हात लावला आणि दार उघडलं, आवाजसुद्धा झाला नाही. बिजागऱ्यांना ग्रीस होतं, ताजं. भाभी म्हणाल्या, दर महिन्याला लावायचे, तुमी हसाल म्हणून तुमच्यासमोर लावत न्हवते.

रशीद, मी काय म्हणू तुला? तू कधी बोलला नाहीस, मीही कधी विचारलं नाही. आपल्यात तसं बोलायची पद्धतच नव्हती. पण इतकी वर्षं एक माणूस माझी वाट बघत होता आणि त्यानं मला त्याचा भार एक दिवस वाटू दिला नाही, असा मित्र मला मिळाला, हे मी तुला आज सांगतो. उशीर झालाय, पण सांगतो.

मग तुझ्या नळाला पाइप लावला, दारातून माझ्या जागेत आणला आणि ड्रम भरून घेतला. भाभी व्हरांड्यात खुर्ची टाकून बघत बसल्या होत्या. गवंड्यानं दोरी ताणली, फक्की टाकली. सुमननं जाहीर केलं की स्वयंपाकघराची खिडकी भाभींच्या बाजूला, त्यात बदल नाही. चहा केला. मी सवयीनं गावाकडे पाठ करून बसायला गेलो, तर समोर माझ्याच घराच्या रेघा. माळ त्यांच्या पलीकडे गेला होता.

इरफानला फोन करून घर बांधतोय म्हणून सांगितलं. तो म्हणाला, चाचा, कुलूप आणत नाही, पंखा आणतो अम्मीच्या खोलीला.

आज सकाळी पुन्हा एक फोन आला, चाळीसाव्याला येणाऱ्यांपैकी कुणाचा तरी. पत्ता विचारत होता. मी सुरू केलं, बाजारातून सरळ या, घरं संपतील, डांबर संपेल, आणि पुढे नेहमीचं तोंडात आलं, शेवटचं घर. तिथे मी थांबलो. भाभी समोर गहू निवडत होत्या, त्यांनीही मान वर केली. मी म्हटलं, शेवटून दुसरं घर, पिवळं. फोन ठेवल्यावर भाभी म्हणाल्या, अहो, लोक हुडकत बसतील, शेवटचं कुठं दिसतंय अजून?

मी म्हटलं, रेघ पडलीय, भाभी. घर धरायचं.